मागच्या सीटचं बकल कुठं गेलं?

अण्णांचं गॅरेज : वाचकांचे प्रश्न, अण्णांची उत्तरं

गेल्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती, की घरची गाडी असेल तर आज मागच्या सीटच्या फटीत हात घालून बघा, बेल्टचं बकल सापडतंय का, कव्हर शिवणारे ते आत दाबून टाकतात. बस, एवढंच. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की टायरचा विषय पुढच्या महिन्यावर ढकलावा लागला. काहींना फटीत बकलाऐवजी शेंगदाणे, चिल्लर आणि एका ताईंना हरवलेलं कानातलं सापडलं. काहींनी मला शिव्या पण घातल्यात, त्या प्रेमाच्या आहेत असं धरून चालतो. निवडक प्रश्न घेतलेत.

अण्णा, दुकान लक्ष्मीपुरीत आणि घर राजारामपुरीत. रोजचं जाणं-येणं गावातल्या गावात, त्यात सिग्नल, रिक्षा, मधेच म्हशी, चाळीसच्या वर काटा जातच नाही. एवढ्याला बेल्ट कशाला? हायवेला लागलो की लावतो की मी. – एक व्यापारी, राजारामपुरी

शेठ, हा प्रश्न गॅरेजला रोज एकदा तरी येतो म्हणून पहिला घेतला. चाळीस म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटतं कारण आत बसलेल्याला स्पीड कळत नाही, काचा वर असतात, एसी चालू, गाणं चालू. एक हिशोब सांगतो, शाळेतलाच आहे. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी भिंतीवर किंवा समोरच्या ट्रकवर आदळून जागच्या जागी थांबली, तर ते साधारण सहा मीटरवरून खाली पडल्यासारखं असतं. सहा मीटर म्हणजे वीस फूट, तुमच्या दुकानाची इमारत दोन मजली असली तर तिची गच्ची. आता मला सांगा, गच्चीवरून उडी मारायची आणि दोन्ही हात पुढं करून स्वतःला सावरायचं, जमेल? स्टेअरिंग घट्ट धरलंय, पाय रोवलेत, मी सावरतो, असं म्हणणारी माणसं नेमकं हेच म्हणत असतात. ताशी ६०ला हीच उंची चौदा मीटरवर जाते, म्हणजे चार मजले झाले.

गाडी थांबते, तुम्ही थांबत नाही. एवढं एकच डोक्यात राहिलं तर बाकीचा अंक नाही वाचला तरी चालेल. बॉनेट चेपत चेपत गाडी थांबायला लागते तेव्हा आतला माणूस चाळीसनंच पुढं चाललेला असतो, मग त्याला कोणतरी थांबवतं, स्टेअरिंग थांबवतं, डॅशबोर्ड थांबवतो, नाहीतर काच. आणि माणूस थांबला तरी त्याच्या आतलं काळीज, लिव्हर, मेंदू हे सगळं अजून पुढं जात असतं, ते बरगड्यांवर नि कवटीवर आतून आदळतं. बाहेरून खरचटलेलं सुद्धा नाही आणि माणूस गेला असं जे आपण ऐकतो ना, त्यात पुष्कळदा हेच झालेलं असतं. बेल्ट काय करतो, तर तुम्हाला गाडीच्या सांगाड्याला बांधतो, म्हणजे गाडी चेपत जाताना जो थोडा वेळ नि दोन-तीन फूट अंतर मिळतं ते तुम्हाला पण मिळतं, आणि जोर पडतो तो छातीचा पिंजरा नि कंबरेची हाडं यांच्यावर, जी देवानं त्यातल्या त्यात मजबूत दिलीत.

आणखी एक. तुम्ही हायवेला लागलो की लावतो म्हणता, पण तावडे हॉटेलपाशी वळून हायवेला चढताना एका हातानं बेल्ट ओढायचा, एका हातानं स्टेअरिंग, मागून कर्नाटकचा कंटेनर हॉर्न मारतोय, हे मी स्वतः बघितलंय. दुकानासमोर गाडी उभी असतानाच लावा की.

आमचे सासरे मागंच बसतात आणि मागं बसल्यावर पट्टा लावत न्हाईत. मी म्हणतो, आबा पट्टा लावा, तर म्हणतात मागच्याला काय होतंय, पुढची सीट हाय की आडवी. ऐकतच न्हाईत. काय सांगू त्यांना? – एक सून, वडणगे

(संपादकबाईंनी फोन करून विचारलं, पत्रात 'म्हणतो' झालंय, 'म्हणते' करू का. म्हणलं राहू दे, करवीर तालुक्यातली लेक आहे, आमच्याकडं बायका असंच बोलतात.)

वहिनी, आबांना माझं पत्र वाचून दाखवा, जरा लांब आहे.

२०११ साल. मी, मेव्हणा, मागं आमची मंडळी आणि मेव्हणी, असे गगनबावड्याला चाललो होतो. पावसाळा संपलेला, कारखाने नुकते सुरू झालेले. कळे सोडल्यावर थोड्या अंतरावर उसाची ट्रॉली उभी, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, संध्याकाळची वेळ, मला दिसली तेव्हा उशीर झालेला. ब्रेक मारला, गाडी डावीकडं घेतली आणि खाली बांधाला जाऊन बसली. स्पीड पन्नासच्या आसपास असेल. मी आणि मेव्हणा बेल्ट लावून होतो, तेही शिरोली नाक्याला पोलीस असतात म्हणून सकाळी लावलेला तो तसाच राहिलेला. मागं दोघींना बेल्ट नाही. का नाही, तर मी सांगितलंच नव्हतं. चाळीस वर्षं हातात पाना धरणारा माणूस मी, गिऱ्हाइकाला ऑइल बदलायची तारीख चार वेळा सांगतो, पण मागच्या सीटला बेल्ट असतो तो लावायचा असतो हे मी घरात कधी बोललेलो नव्हतो.

मला काय लागलं? खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका काळानिळा पट्टा, जानव्यासारखा, पंधरा दिवसांत गेला. मंडळीची हनुवटी समोरच्या हेडरेस्टवर आदळली, दोन दात आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. मेव्हणीचे दोन्ही गुडघे पुढच्या सीटच्या पाठीत घुसले. आणि हे आबांना नीट वाचून दाखवा, मेव्हण्यानं बेल्ट लावलेला असून त्याच्या तीन बरगड्या गेल्या, कारण पुढून त्याला बेल्टनं धरलेलं आणि मागून त्याची बायको सीटसकट त्याच्या पाठीवर आलेली. दोन्हीकडून चेपला बिचारा.

तर आबा म्हणतात पुढची सीट आडवी हाय. ती सीट तुमच्या पोराची नाहीतर सुनेची असते ना आबा. पन्नासच्या स्पीडला झटक्यात थांबताना माणसाचं वजन स्वतःच्या चौदा-पंधरापट झाल्यासारखं पुढं ढकललं जातं, साठ किलोचा माणूस साडेआठशे किलोचा धक्का देतो. जपानातला एक अभ्यास २००२ साली छापून आला होता, त्यात मागचा माणूस बेल्टशिवाय असेल तर पुढं बेल्ट लावून बसलेल्याचा मरणाचा धोका जवळजवळ पाचपट होतो असं निघालं. म्हणजे मागं बसून बेल्ट न लावणं हा आपल्यापुरता प्रश्नच नाही.

सायरस मिस्त्रींचं आठवतंय का बघा, टाटा सन्सचे माजी अध्यक्ष. ४ सप्टेंबर २०२२, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर. गाडी साधीसुधी नव्हती, लाखो रुपयांची, सगळी सोय असलेली. मागं बसलेले दोघं गेले, पुढचे दोघं जबर जखमी झाले पण वाचले. मागं दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर महिनाभर कोल्हापुरात सुद्धा लोक मागचा बेल्ट शोधायला लागले होते, गॅरेजला येऊन म्हणायचे अण्णा बकल काढून द्या वर, कव्हरखाली गेलंय. मग दसरा आला, विषय संपला. आणि कायद्याचं म्हणाल तर समोर तोंड करून असलेल्या मागच्या सीटवर बसणाऱ्याला बेल्ट सक्तीचाच आहे, ते काही मिस्त्रींनंतर आलेलं नाही, फक्त कोणी विचारत नव्हतं.

आता व्यवहाराचं सांगतो. म्हातारी माणसं 'नको' म्हणतात त्यातल्या निम्म्या वेळेला कारण असतं की मान वळवून बेल्ट ओढता येत नाही, खांदा दुखतो, बकलचं भोक दिसत नाही. ते सांगायला लाज वाटते म्हणून 'काय होतंय' म्हणतात. आबा बसले की दार लावायच्या आधी तुम्ही वाकून लावून द्या, कुरकुर करतील, करू देत.

बेल्ट नसला तर दंड किती? आणि मागचा लावत नसेल तर दंड कुणाला? – एक वाचक, इचलकरंजी

२०१९ला मोटार वाहन कायदा बदलला त्यात कलम १९४ ब आलं, त्यात हजार रुपये लिहिलेत. बेल्ट न लावता गाडी चालवणारा आणि बेल्ट न लावलेली माणसं गाडीत घेऊन जाणारा, दोन्हीला. म्हणजे मागचा लावत नसेल तरी ड्रायव्हरच अडकतो. चौदा वर्षांखालचं पोर बेल्टशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तरी हजारच. पुढचा प्रश्न त्याच्यावरच आहे.

आमचं दहा महिन्यांचं बाळ आहे. दर रविवारी जोतिबाला जातो, मी पुढं बसते आणि बाळाला मांडीवर घेते, बेल्ट दोघांना मिळून एकच घेते. हे बरोबर आहे ना? चाइल्ड सीट फार महाग आहे हो. – एक आई, मार्केट यार्ड परिसर

नाही ताई. हे मात्र अजिबात बरोबर नाही, आणि तुमची चूक नाही, आपल्याकडं सगळ्यांच्या आयांनी असंच नेलंय आपल्याला.

मार्केट यार्डात राहता म्हणजे गुळाचा रवा म्हणजे ढेप बघितलीच असेल, तीस किलोची. दहा किलोचं बाळ पन्नासच्या स्पीडला गाडी आदळल्यावर तुमच्या हातातून पुढं ओढ घेतं ती एकशे चाळीस किलोच्या आसपास, म्हणजे चार-पाच रवे एकदम. हमालाला विचारा, दोन रवे तरी हातावर झेलता येतील का वरून टाकले तर. आईची माया कितीही असू दे, हात सुटतातच. आणि एकाच बेल्टमध्ये दोघं घेतलं तर त्याहून वाईट, मागून तुमचं सगळं वजन बाळावर येतं आणि पुढून बेल्ट त्याला कापतो. शिवाय पुढच्या सीटसमोर एअरबॅग असते, ती मोठ्या माणसासाठी केलेली, ती फुटते तेव्हा बाळाचं डोकं नेमकं तिच्या वाटेत असतं.

सीट महाग आहे हे खरं. पण गाडीला मॅग व्हील, साउंड सिस्टिम आणि खाली निळे लाइट लावायला पैसे निघतात हे पण मी रोज बघतो (तुमच्या गाडीचं म्हणत नाही). घेताना लहान बाळासाठी मागं तोंड करून बसवायची घ्या. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान कच्ची, पाठ पुढं असली की धक्का सगळ्या पाठीवर पसरतो. ती मागच्या सीटवर बांधायची, पुढं एअरबॅग चालू असेल तिथं मागं तोंड केलेली सीट कधीच नको. पोर मोठं झालं की पुढं तोंड करून, मग बूस्टर, म्हणजे बुडाखाली घ्यायची उंच गादी, ती साधारण १३५ ते १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत. त्याआधी नुसता मोठ्यांचा बेल्ट लावला तर तो गळ्यावर आणि मऊ पोटावर येतो. दुसऱ्याची वापरलेली सीट मिळाली तर चालेल, पण ती अपघातातली नाही हे माहीत असलेल्या घरातलीच घ्या. पहिले दोन रविवार बाळ रडून घाट डोक्यावर घेईल. तिसऱ्याला झोपेल.

ती बेल्टची क्लिप असते ना बीप बंद करायची, ती तुमच्याकडं मिळेल का? – एक तरुण वाचक, कदमवाडी

नाही.

ऑनलाइन पण शोधू नको भावा, २०२३ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांविरुद्ध आदेश काढून तेरा हजारांवर जाहिराती उतरवायला लावल्या, याच क्लिपच्या. जुलै २०१९पासून नव्या गाडीत पुढच्या दोन्ही सीटना ती बीप सक्तीची आहे. बॉटल ओपनर म्हणून विकतात काही जण, चावीला लावायला. क्लिप खुपसून बकल खराब झालेल्या गाड्या येतात माझ्याकडं, मग खरा बेल्ट बसतच नाही त्यात, आणि नवीन बकलचं बिल बघून तीच पोरं 'अण्णा काहीतरी कमी करा' म्हणतात.

मला सातवा महिना आहे. गारगोटीला माहेरी जायचंय बाळंतपणाला. सासूबाई म्हणतात पोटावर पट्टा आवळू नको, बाळाला इजा होईल. – एक वाचक, कागल

सासूबाईंची काळजी खरी आहे, पट्टा पोटावर आवळायचाच नाही. तो पोटाखाली घ्यायचा. कमरेचा भाग पोटाच्या खालून, मांड्या जिथं सुरू होतात तिथं, दोन्ही बाजूच्या खुब्याच्या हाडांवर टेकलेला. खांद्याचा भाग दोन्ही छातींच्या मधून येऊन पोटाच्या कडेनं खाली. पोटावरून सरळ आडवा नको आणि काखेतून तर अजिबातच नको. साडीचा पदर किंवा स्वेटरचा जाड गोळा मध्ये राहू देऊ नका, बेल्ट अंगाला टेकला पाहिजे. पोटातल्या बाळाला वाचवायचा रस्ता आईला वाचवण्यातूनच जातो, असं डॉक्टर सांगतात, तपासणीला जाल तेव्हा विचारून घ्या त्यांना पण. शक्यतो मागं बसा, पुढं बसलात तर सीट मागं सरकवा. आणि मुदाळतिट्ट्याला गाडी थांबवून पाय मोकळे करा, चहा घ्या, लिंबू सरबत घ्या, घाई काय आहे.

आमच्या नव्या गाडीला सहा एअरबॅग आहेत. मग बेल्ट लागतो कशाला? शोरूमवाल्यानं पण एअरबॅगचंच कौतुक सांगितलं. – एक वाचक, ताराबाई पार्क

स्टेअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर एसआरएस अशी अक्षरं कोरलेली असतात बघा. त्यातल्या पहिल्या 'एस'चा अर्थच पूरक असा आहे. बेल्ट हा जेवण, एअरबॅग म्हणजे वर लोणचं. ती डोळा मिटायच्या आत फुगते आणि लगेच हवा सोडायला लागते, ती उशी म्हणून ठेवलेली नाही. बेल्टनं तुम्हाला जागेवर धरलंय, तुम्ही थोडेसेच पुढं येताय, हे धरून सगळी रचना आहे. बेल्ट नसेल तर ब्रेक लागल्यावरच तुम्ही सीटवरून घसरून स्टेअरिंगजवळ पोचलेले असता आणि मग ती तोंडावर फुटते, बुक्की मारल्यासारखी. म्हणून छाती आणि स्टेअरिंगमध्ये वीतभर तरी, पंचवीस सेंटिमीटर, अंतर ठेवा.

एक अवांतर, ताराबाई पार्कात मोठ्या गाड्या फार म्हणून. पुढं लोखंडी क्रॅश गार्ड लावू नका. त्यानं धक्का चुकीच्या जागी जातो, एअरबॅगच्या सेन्सरला कळायला उशीर होतो, आणि केंद्रानं २०१७ सालीच त्यावर बंदी घातली आहे. आणि सीटच्या कडेला एअरबॅगची खूण शिवलेली असेल तर वरून सरसकट रेक्झिन चढवून घेऊ नका.

बेल्ट लावला आणि गाडी पाण्यात पडली किंवा पेटली तर अडकून मरायचं का? आम्ही पुराच्या गावातले, भीती वाटते. – एक वाचक, आंबेवाडी

भीती बरोबर आहे दादा, २०१९चा पूर आणि २०२१चा पूर ज्यानं बघितला त्यालाच ती कळते. पण हिशोब उलटा बघा. गाडी पेटणं किंवा बुडणं हे सगळ्या अपघातांत अगदी थोडं, आणि त्यातही बाहेर कोण पडतं, तर जो शुद्धीवर आहे तो. पाण्यावर गाडी आदळते तो सुद्धा एक धक्काच. बेल्ट नसलेला माणूस तिथंच डोकं आपटून बेशुद्ध होतो, मग बेल्ट नसून उपयोग काय. शुद्धीवर असलात की लाल बटण दाबायचं, एका अंगठ्याचं काम. घरी अंगणात डोळे मिटून चार वेळा सराव करा, पोरांना पण करायला लावा. मग काच खाली आणि बाहेर, दार उघडायच्या मागं लागू नका.

आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा त्रेचाळीस फुटांच्या धोका पातळीकडं निघाली की आंबेवाडीच्या रस्त्यावर गाडी घालायचीच कशाला.

पन्हाळ्यावर उतारावर गाडी लावली होती, परत आल्यावर बेल्ट ओढला तर येईचना. बिघडला का? – एक वाचक, शिरोली

बिघडला नाही, चांगला आहे म्हणून असं झालं. बेल्टच्या गुंडाळीत एक छोटी गोळी किंवा लोलक असतो, गाडी जोरात मंदावली की तो कलतो आणि दातेरी चाकाला अडकवतो. उभ्या उतारावर गाडीच कललेली असते, त्याला वाटतं काहीतरी झालं. दुसरी कळ अशी की बेल्ट स्वतःच झटक्यानं ओढला तरी अडकतो. त्यामुळं रागानं ओढू नका, पूर्ण आत जाऊ द्या आणि मग दमानं ओढा. तरी नाही आला तर गाडी जरा सपाटीला घेऊन लावा.

तपासायचं असेल तर घरीच होतं. बेल्ट शेवटापर्यंत बाहेर काढायचा, कडा उसवल्यात का, कुठं चिरलाय का, उंदरानं कुरतडलाय का बघायचं (हसू नका, गुऱ्हाळाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं). मग जोरात झटका, अडकला पाहिजे. सोडला की सुरसुर आत गेला पाहिजे. बकलचा 'टक्' आवाज आला पाहिजे. मळला असेल तर साध्या साबणाच्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवा, ब्लीच किंवा रंग नको. आणि जुनी गाडी घेताय तर हे सगळं पाची सीटना करा. मोठ्या अपघातात वापरला गेलेला बेल्ट बदलायचाच असतो, त्याचे धागे एकदा ताणले की परत तो दम राहत नाही. नव्या गाड्यांत बेल्टला मागं खेचून घेणारी बारुदाची छोटी डबी असते, ती एकदा उडाली की संपली. एअरबॅगचा लाल दिवा डॅशवर जळत राहिला असेल तर तो बल्ब काढून टाकणारे महाभाग आहेत बाजारात, तेवढं बघून घ्या.

मी जुना पैलवान. वजन एकशे वीस. बेल्ट पोटाला रुततो आणि ढेकर वर येत न्हाई. उपाय? – एक वस्ताद, शिवाजी पेठ

वस्ताद, नमस्कार. पोटावर घेताय म्हणून रुततो. लंगोट कुठं बांधता? कंबरेच्या हाडावर ना? बेल्टचा खालचा भाग तिथंच, पोट वर उचलून खाली सरकवायचा. वरचा खांद्यावरून, गळ्याला लागत असेल तर खांबावरचं ते सरकतं बटण खाली घ्या, पुष्कळ गाड्यांत पुढं असतं. लांबीला कमी पडत असेल तर गाडीच्या कंपनीकडूनच विचारून लांब करायची सोय बघा, बाजारातले जोड घेऊ नका. सैल राहावा म्हणून कपड्याचा चिमटा लावून ठेवणारे आहेत, तुम्ही तसं करत नसाल अशी आशा आहे. तांबड्या रश्श्यानंतर तासभर गाडीच काढू नका, ढेकराचा प्रश्न तिथंच मिटेल.

हा बेल्ट काढला कुणी? – इयत्ता आठवी, हातकणंगले

शाब्बास. निल्स बोलिन नावाचे स्वीडनचे इंजिनिअर, १९५९ साल, व्होल्वो कंपनीत. आधी ते विमानातून पायलटला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करायचे. त्याआधी बेल्ट होते पण बहुतेक नुसते पोटावरचे. यांनी खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा, एका हातानं लागणारा केला, आणि कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांना वापरायला मोकळं ठेवलं. त्यानंतर आपल्या देशात काय, तर २०२२ या एका वर्षात बेल्ट न लावलेली १६,७१५ माणसं गेली, केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातला आकडा आहे. त्यात जवळजवळ निम्मी ड्रायव्हर नव्हे, नुसती बसलेली माणसं. वर्गात सांग.

अण्णा, तुमच्या लेखामुळं गिऱ्हाईक आमच्या अंगावर यायलेत. आम्ही सीट कव्हर शिवतो. गिऱ्हाईकच सांगतंय की बकल बुडाला टोचतंय, आत दाबा, सीट प्लेन दिसली पायजे. आम्ही काय करायचं? – एक कारागीर, कोल्हापूर

मित्रा, तुझं खरं आहे, तुझ्यावर ढकलून मोकळं होणं सोपं होतं आणि मी ते केलं. तुझ्या धंद्यातल्या एकाकडं मी गेल्या आठवड्यात मुद्दाम जाऊन बसलो. त्यानं मागच्या बैठकीच्या कव्हरला तीन चिरा घेतल्या, प्रत्येक बकलाला एक, कडेनं दुहेरी टीप मारली आणि खालून रबराची पट्टी लावली, बकल आपोआप उभं राहतंय, टोचत पण नाही. घड्याळ लावून बघितलं, वीस मिनिटं जास्त. पैसे किती घ्यायचे विचारलं तर म्हणाला शंभर मागितले तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मी म्हणलं दीडशे माग.

माझ्या गाडीचं मागचं कव्हर अजून जुनंच आहे, मधल्या बकलाला चीर नाही. मंगळवारी आणू का?